दोनशे सतरा अंगठ्यांचं कडं

चांथूने सलग बारा रविवार खोल्याखोल्यांतून फिरून कारखान्यातल्या बायकांची मनं वळवली. एवढी चालली, की तिच्या चपलेचा तळ कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला. पायाखाली नोट आली तर ती किती रिएलची हे ती न वाकता सांगायची. आणि खोल्या तरी कसल्या? एकीने कूस बदलली की चौघींनी बदलायची, पाचवीने दाराबाहेर जायचं.

मागणी साधी होती. आठ तास पँटी शिवल्या की पोट भरावं, त्यासाठी वर आणखी चार तास ओव्हरटाइम करायला लागू नये. यंदाचा पगार ठरवणाऱ्या कचेरीत शुक्रवारी पाचच्या आत अर्ज गेला तर ठीक. नाहीतर थेट पुढचं वर्ष.

अंगठा द्यायला सगळ्या तयार होत्या. पहिला द्यायला एकही नाही. गेल्या वर्षीच्या यादीत वरच्या पाच नावांची तीन महिन्यांची कंत्राटं संपली ती संपलीच, पुन्हा झाली नाहीत.

"यादी वरून वाचतात, बोंग," फाल्ला म्हणाली. ही चांथूच्या शेजारच्या मशिनवरची, तिला बोंग म्हणजे ताई म्हणणारी, पण जिभेला सुईपेक्षा जास्त टोक. "खालून वाचायला मॅनेजरची मान दुखते."

"मग तूच दे पहिला."

"मी? माझं कंत्राट तर तुझ्याआधी संपतंय."

चांथूचं पंधरा तारखेला संपत होतं, आणि तिच्या पगारावर गावी, प्रेय वेंगला, चार तोंडं होती.

शेवटी तिनेच डोकं लढवलं. बाजारातून पांढरी चादर आणली आणि माझ्या ट्रकची स्टेपनी उतरवायला लावली. या बायकांना उभ्याने कोंबून कारखान्यात नेणारा ट्रकवाला मीच. चाक चादरीवर ठेवून तिने भोवती खडू फिरवला. त्या रेघेवर लाल शाईचे अंगठे, प्रत्येकाखाली मुंगीच्या अक्षरात नाव. दोनशे सतरा अंगठ्यांचं कडं भरलं. त्यात पहिली कोण आणि शेवटची कोण, हे विहारातल्या थोरल्या भिक्षूंनाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी हजेरीचा भत्ता बुडवून अठरा जणी माझ्या ट्रकमधून कचेरीत आल्या. खिडकीतले साहेब असे चपळ, की त्यांच्या पेन आणि दौतीमध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यात त्याची नातवंडं नांदत होती. साडेतीनला आमचा नंबर लागला. साहेबांनी चादर उलगडली, एकदा उजवीकडे फिरवली, एकदा डावीकडे.

"सुरुवात कुठाय?"

"नाही, साहेब," चांथू म्हणाली.

"अर्जदार क्रमांक एक?"

"सगळ्या सारख्या."

"फॉर्मवर एकच चौकोन आहे. त्यात सगळ्या मावणार का?"

"तुम्ही कुठूनही मोजा ना," फाल्ला म्हणाली. "घड्याळ नाही का वाचत? ते पण गोलच असतं."

"घड्याळात बारा वर असतात, बाई. यात वर काय आहे?"

चार वाजले. मी पुढे झालो. म्हटलं, साहेब, माझं लिहा पहिलं. माझं कोण काय काढून घेणार, दात तर आधीच गेलेत.

"आजोबा, तुम्ही शिवता काय?"

"रोज सकाळी चाळीस बायका एकीला एक शिवून आणतो."

कोणी हसलं नाही. साहेब तर नाहीच.

"हे कडं एका ठिकाणी कापा," ते म्हणाले, "म्हणजे यादी होईल. मग मी घेतो. पाचला खिडकी बंद."

मग जी भांडणं झाली ती सांगत नाही. कापायचं कुठे? जिथे कापाल तिथली मरणार. एकीने चिठ्ठ्या टाकू म्हटलं, तर दुसरी म्हणाली, माझ्या नशिबाला चिठ्ठीची गरज नाही, ते असंच फुटकं आहे. एक नुसतीच रडत होती, तिला तिघी गप्प बस म्हणत होत्या. साडेचार. पावणेपाच.

चांथूने गळ्यातली दोरे कापायची कात्री काढली. स्वतःच्या अंगठ्याच्या अलीकडे कचकन चादर चिरली आणि खिडकीत सरकवली.

"लिहा," ती म्हणाली. "एक. चांथू."

"तुला विचारलं कुणी?" फाल्ला ओरडली. "मोठी आली. आता पंधरा तारखेला काय करणार आहेस, चादर विकणार?"

साहेबांनी शिक्का मारला, पोच फाडून दिली. चांथूने ती वाचली. पुन्हा वाचली.

"साहेब, 'उत्तर अर्जदार क्रमांक एकला, कारखान्याच्या पत्त्यावर' असं लिहिलंय."

"मग कुठे पाठवायचं?"

"तिथलं टपाल मॅनेजर उघडतात. माझ्या खोलीचा पत्ता घ्या."

"खोलीचा चौकोन नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकी ओढून घेतली. पाचला दोन मिनिटं होती.

चांथूने खिडकी वाजवली. परत वाजवली. मग तळहाताने, जोरात. दरवान येऊन म्हणाला, सोमवारी या.

"सोमवारी कामावर जायचंय," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत तरी आहे काम."

आणि ती खिडकीखालच्या पायरीवर बसली. फाल्ला तिच्याशी बोलतच नव्हती. पण येऊन टेकली तिच्या शेजारी, तोंड दुसरीकडे करून. मग बाकीच्याही.

मी ट्रक सुरू केला, हॉर्न दिला. कोणी चढेना. अठराच्या अठरा जणी पायरीवर. पुन्हा हॉर्न दिला, तर फाल्लाने माझ्याकडे अशी नजर टाकली की रेडिएटरमधलं पाणी उकळलं.

मी इंजिन बंद केलं. डिझेल काही फुकट येत नाही.