एक हजार चोपन्न साल, कालिना गावी

"वासिल, तुम्ही शाप देताय. हीटर दुरुस्त झाल्याचं सांगत नाही आहात," टटलबाई म्हणाल्या.

वासिलने हातातला कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि मघाच्याच आवाजात म्हणाला, "तुम्हाला धर्माबाहेर काढलं आहे. बरं मग, येतो."

"'बरं मग, येतो' असं नाटकात नाहीये."

"तसंच निघून जायचं? कसंतरीच वाटतं."

वासिल ह्रिंको गावातल्या घराघरांतल्या तळघरात जाऊन घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. मॅनिटोबा प्रांतातल्या थंडीत अशा माणसाला डॉक्टरपेक्षा जास्त मान. नाटकात काम करण्याची हौस त्याला कधीच नव्हती. पण टटलबाई विनिपेगहून गावच्या वाचनालयात नव्याने आल्या होत्या, आणि त्यांना नाही म्हणायला कुणालाच जमत नसे. 'एका वर्षातलं जग' असं नाटक त्यांनी लिहिलं होतं. साल निवडलं एक हजार चोपन्न. त्या वर्षी चीनमध्ये भरदिवसा नवा तारा दिसला, कीवचा राजा यारोस्लाव वारला, आणि रोमचा दूत पूर्वेकडच्या धर्मगुरूंच्या वेदीवर बहिष्काराचा कागद ठेवून, पायाची धूळ झटकून निघून गेला. त्या दिवसापासून चर्चची दोन शकलं झाली, असं म्हणतात.

ती दोन्ही शकलं कालिनाच्या मुख्य रस्त्यावर समोरासमोर उभी होती. एकीकडे रोमला मानणारं कॅथलिक, दुसरीकडे पूर्वेचं ऑर्थोडॉक्स. दोन्हींचे घुमट एकाच सुताराने बांधलेले. हे टटलबाईंना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी माणसं अंगकाठीवरून निवडली. वासिल किडकिडीत आणि दाढी नसलेला, म्हणून तो रोमचा दूत. झेनोन बाबिक दाढीवाला आणि धिप्पाड, म्हणून तो पूर्वेचा धर्मगुरू. वासिल पिढीजात ऑर्थोडॉक्स आणि झेनोन कट्टर कॅथलिक, त्यामुळे दोन्ही चर्चमध्ये एकदमच बोंब झाली.

"तू पोपचा माणूस होणार?" वासिलच्या पाद्रीबाबांनी विचारलं.

"तासाभरापुरता, बाबा."

"रोमनंही सुरुवातीला असंच काहीतरी सांगितलं असेल."

त्याहून मोठी गोष्ट टटलबाईंना ठाऊक नव्हती. झेनोन हा वासिलचा मेहुणा. वासिलची बायको स्तेफा त्याची धाकटी बहीण. ती वारली तेव्हा वासिलने तिचा अंत्यविधी आपल्या चर्चमध्ये केला. झेनोन तेवढा वेळ रस्त्यापलीकडे बर्फात उभा राहिला, आत आला नाही. त्याला बरीच वर्षं झाली. मधल्या काळात दोघं एक शब्द बोलले नव्हते. झेनोनची भट्टी दर हिवाळ्यात बंद पडायची आणि तो लांबच्या शहरातून माणूस बोलवायचा. तो माणूस यायच्या आत घरातलं पाणी गोठायचं. झेनोन कोट घालून झोपायचा, पण वासिलचं दार वाजवायचा नाही.

तालमीत दोघं एकमेकांकडे न बघता बोलायचे. टटलबाईंना तो अभिनय वाटायचा. त्या खूश होत्या.

"आणखी एक गंमत सांगते," एकदा त्या म्हणाल्या. "ज्या पोपच्या नावानं हा कागद ठेवला, तो पोप तेव्हा आधीच वारला होता."

पोस्टातली ओल्हा चिनी ज्योतिषी झाली होती. तिने मिश्या सावरत विचारलं, "मग भांडण नक्की कुणाचं होतं?"

झेनोनला खोकल्याची मोठी उबळ आली.

नाटक रविवारी दुपारी झालं. सभागृहात डावीकडे कॅथलिक बसले, उजवीकडे ऑर्थोडॉक्स, आणि मधल्या वाटेत दोन्हीकडची लहान पोरं. यारोस्लाव झालेल्या मेत्रो आजोबांनी मरायला इतका वेळ घेतला, की पडद्यामागून टटलबाईंना "आता मरा" असं दोनदा सांगावं लागलं. शेवटी ते मेले आणि तिथेच झोपी गेले. त्यांच्या मंद घोरण्याच्या साथीवर रोमचा दूत आत आला.

वासिलने कागद टेबलावर ठेवला. "तुम्हाला धर्माबाहेर काढलं आहे," तो म्हणाला, आणि या वेळी ते खरंच शापासारखं वाटलं. त्याने एक बूट झटकला, दुसरा झटकला आणि दाराकडे वळला.

मागून झेनोन खोकला. असा खोकला वासिल रोज ऐकायचा. थंड घरात झोपणाऱ्याचा.

तो थांबला. "भट्टी परत बंद आहे ना?"

"चालू आहे," झेनोन म्हणाला.

"झेनोन."

"मंगळवारपासून बंद आहे."

"जा, जा," पडद्यामागून टटलबाई कुजबुजल्या.

"मला का नाही बोलावलंस?" वासिलने विचारलं.

"तू बोलावलं होतंस मला?" झेनोन बसल्या जागेवरून म्हणाला. "रस्त्यापलीकडे उभा होतो मी. तू दारात आलास, माझ्याकडे बघितलंस आणि आत गेलास. नुसता हात केला असतास तरी आलो असतो."

"बहीण तुझी होती. तुला आमंत्रण कशाला हवं होतं?"

"त्या दिवशी हवं होतं."

वासिलने झटकलेल्या बुटांकडे बघितलं. मग तो परत फिरला, टेबलावरचा कागद उचलला आणि घडी करून खिशात घातला.

"हे राहू दे," तो म्हणाला. "पाना घेऊन येतो मी."

टटलबाई आता उघड उघड रंगमंचावर आल्या. "अहो, असं घडलं नव्हतं. त्यानं कागद परत घेतला नव्हता."

"घ्यायला हवा होता," पहिल्या रांगेतून पाराना आजी म्हणाल्या. त्या नेमक्या कुठल्या बाजूला बसल्या होत्या, यावर गावात अजून वाद आहे.

मेत्रो आजोबांनी डोकं वर काढलं. "मग मी मेलेला धरायचा की नाही?"

टाळ्या वाजल्या त्या कोणासाठी, ते कळलं नाही. यारोस्लावने त्या आपल्या समजून स्वीकारल्या.

उजेड होता तोवरच दोघं झेनोनच्या तळघरात उतरले. वासिलने भट्टी उघडली, झेनोनने बॅटरी धरली.

"कुणी बसवलाय हा भाग?"

"शहरातला माणूस होता."

"उलटा बसवलाय."

"मलाही शंका होती."

"मग बोलला का नाहीस?"

"त्याला काय सांगणार? अनोळखी माणूस."

भट्टी घरघरली आणि पेटली. दोघं वर आले. झेनोनने चहा केला, बरणीतला चोकचेरी या आंबट रानफळाचा जॅम काढला आणि न विचारताच वासिलच्या कपात चमचाभर घातला.

"हे काय?"

"स्तेफा असाच घ्यायची."

"नाही. ती काही न घालता घ्यायची. कायम."

"इथं आली की जॅम घालून घ्यायची," झेनोन म्हणाला. "म्हणायची, घरी नाही घेत. वासिल पोरकटपणा म्हणून हसतो."

वासिलने कप ढवळला. चहा त्याला फार गोड लागला. तो त्याने सावकाश, तळाच्या जॅमसकट संपवला, आणि रिकामा कप पुन्हा भरायला झेनोनपुढे सरकवला.