बांधलेलं घेत नाहीत

नाक मुरडू नका. मी दारातला निळा डबा बोलतोय, ओल्या कचऱ्याचा हिरवा नव्हे. त्याच्या वासाचं पाप माझ्या माथी मारू नका. माझ्या पोटात कागद, पुठ्ठा, काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, तेही धुतलेले, कोरडे आणि सुटे. शहराचा नियमच तसा आहे. माझ्या झाकणावर तो चित्रं काढून छापलाय, पण झाकण वाचतो कोण?

मी स्वतः जुन्या बादल्या आणि मोडक्या खुर्च्या वितळवून झालोय, त्यामुळे टाकून दिलेल्या वस्तूला मी कधी हसत नाही. ट्रक भरून आम्ही भावंडं या गल्लीत उतरलो आणि मी एका बैठ्या घराच्या वाट्याला आलो. घरात दोनच माणसं, आजोबा आणि आजी. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात.

आजोबांची सगळी हयात एका गोदामात माल बांधण्यात गेली होती. त्यांनी बांधलेलं खोकं वाटेत कधी फुटलं नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. त्यात मी आलो आणि त्यांना जणू नवं गोदामच मिळालं.

दर बुधवारी संध्याकाळी ते अंगणात बैठक मारायचे. बाटल्या एका पिशवीत, डबे दुसरीत, वर्तमानपत्रांचा वेगळा गठ्ठा. प्रत्येकाला सुतळीचे वेढे आणि वर अशी गाठ, की बघत राहावं. "सामान सुटं पाठवायचं नसतं," असं मलाच ऐकवत ती बोचकी माझ्यात रचून ठेवायचे.

नियम नेमका उलटा. गुरुवारी सकाळी येणारी गाडी बांधलेलं घेतच नाही. पुढे माल निवडायच्या यंत्रात पिशव्या आणि सुतळ्या अडकतात, सगळं काम ठप्प होतं. आजीनं पहिल्याच आठवड्यात हे सांगून पाहिलं. "आता तू मला बांधायला शिकवणार?" एवढं बोलून आजोबा जे गप्प झाले, ते पुढे दोन दिवस जेवले पण बोलले नाहीत. आजीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर दर गुरुवारी, आजोबा आंघोळीला गेले की आजी बाहेर यायची. पायरीवर बसून एकेक बोचकं मांडीवर घ्यायची आणि गाठ सोडायची. कापायची नाही हं, सोडायची. बोटं सांध्यांत सुजलेली. नखानं जमलं नाही तर दातानं ओढायची. मग राहिलेले डबे विसळून सगळं सुटं माझ्यात ठेवायची, आणि सुतळी गुंडाळून आजोबांच्या खणात जशीच्या तशी ठेवून द्यायची. तोवर आजोबा आंघोळ करून येत आणि चहा अजून कसा नाही म्हणून कुरकुरत. आजी म्हणायची, वय झालं आता, हात चालत नाहीत.

गाडीच्या मागे उभा राहणारा गाडीवाला हे येता-जाता बघायचा. एकदा त्यानं न राहवून विचारलं, तेव्हा आजी म्हणाली, "त्यांना सांगू नका हं. तेवढंच काम उरलंय त्यांच्या हाताला."

अशी कितीतरी वर्षं गेली. आजोबा शेजाऱ्यांना छाती फुगवून सांगायचे, सुतळी घ्यावी तर आमच्या नेहमीच्या दुकानातून, संपता संपत नाही. मी आतल्या आत हसायचो. तेव्हा हसू यायचं.

मग आजी गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही.

लेक आजोबांना न्यायला आली. ते हटून बसले. माझं मी बघतो, म्हणाले, मला या घरातून हलवू नकोस. आजी ज्या खोल्यांतून वावरली त्या सोडून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं. लेकीनं डोळे पुसले आणि कबूल केलं, पण एका अटीवर. घर सांभाळता आलं पाहिजे. नाही जमलं तर मुकाट्यानं यायचं.

पहिल्याच गुरुवारी माझ्यावर लाल चिठ्ठी लागली. गाडीवाल्यानं झाकण उघडलं, बोचकी पाहिली आणि मला तसाच ठेवून गाडी पुढे गेली. आजोबांनी चष्मा लावून वाचलं, पिशव्या चालणार नाहीत. बरं, पिशव्या नकोत ना? पुढच्या बुधवारी त्यांनी सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं, कोपरे दुमडले, सुतळी आवळली. मला तर वाटलं आता वर पत्तासुद्धा घालतात. दुसरी लाल चिठ्ठी लागली.

माझं झाकण बसेना. न विसळलेल्या डब्यांवर मुंग्या चढल्या. शेजारणीनं लेकीला कळवलं आणि लेकीचा फोन आला. आणखी एक चिठ्ठी आली की नगरपालिका डबा काढून नेते, आणि त्याच दिवशी मी तुम्हाला न्यायला येणार, असं तिनं बजावलं. आजोबा परोपरीनं सांगत होते, अगं, मी पूर्वीसारखंच करतोय. खरंच सांगत होते बिचारे.

तिसऱ्या गुरुवारी ते फाटकाशीच उभे राहिले. गाडीवाला उतरला तसं त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं चाललं, मग आताच काय झालं? माझ्या बांधणीत खोट काय आहे?"

तो म्हणाला, "बांधणीत खोट नाही, आजोबा. पूर्वी गाठी सुटलेल्या असायच्या. आजी सोडायच्या. दर गुरुवारी, त्या पायरीवर बसून."

"कात्रीनं?"

"नाही. हातानं."

गाडीवाल्यानं चिठ्ठी खिशातच ठेवली. गल्लीच्या टोकाला जाऊन येतो, तोवर सोडून ठेवा, म्हणाला.

आजोबा पायरीवर बसले आणि पहिलं बोचकं मांडीवर घेतलं. स्वतःचीच गाठ, पण सुटेना. दातानं ओढावं तर कवळी हलायला लागली. "एवढं आवळायची काय गरज होती," असं ते स्वतःशीच पुटपुटत राहिले. डोळ्यांतून पाणी सुतळीवर पडत होतं आणि ओली गाठ आणखीच घट्ट होत होती. तरी त्यांनी कात्री आणली नाही. एकेक गाठ हातानं सोडली. सुतळी बोटांभोवती गुंडाळताना एकदम थांबले. ती का संपत नव्हती, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

गाडी परत आली, मी रिकामा झालो, चिठ्ठी लागली नाही. आजोबा जिंकले होते.

दुपारी त्यांनीच लेकीला फोन लावला. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. "कचरा नेला गं त्यांनी, आता काही अडचण नाही. पण तू ये मला न्यायला." पलीकडून ती का म्हणून विचारत असावी. आजोबा म्हणाले, "मला वाटायचं हे घर मी चालवलं. तुझी आई माझ्यामागून काय काय सोडवत होती, कुणास ठाऊक. इथं राहिलो तर रोज एकेक कळत जाईल. मला नाही सोसायचं ते."

लेक आली आणि त्यांना घेऊन गेली. आता दाराला कुलूप आहे. मीही रिकामा आहे, नगरपालिकेची माणसं मला कधीही उचलून दुसऱ्या दारात ठेवतील.

एवढं मोठं तोंड असून मी तेव्हा बोलू शकलो नाही. आजोबा, जरा बाहेर या आणि पायरीवर बघा, एवढंच तर सांगायचं होतं. ते राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात जे काही आपोआप होतंय असं वाटतं ना, ते कोण करतंय, हे एकदा उठून बघा. ते माणूस घरात आहे, तोवरच बघा.