बाबांचा हात, इयत्ता चौथी

प्रदर्शन शनिवारी सकाळी दहाला उघडणार होतं. साडेनऊला चौथीतली मुंगी शाळेच्या हॉलमध्ये शिरली, खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलापाशी गेली आणि तिला तिच्या बाबांच्या हाताला पाच बोटं दिसली.

बाबांच्या उजव्या हाताला तीनच होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, कागद कापायच्या मशीनखाली गेलं होतं. तेव्हा मुंगी दोन वर्षांची होती. आता तो त्याच कारखान्यात गठ्ठे बांधायचा. तिथे त्याला ‘आठ’ म्हणत. "ए आठ, दोरी आण रे!" तोही ओ द्यायचा. कारखाना आणि घर सोडलं तर हात कायम खिशात. भावाच्या लग्नातल्या फोटोत सगळे हसतायत आणि त्याचा उजवा हात कुणाच्या तरी पाठीमागे आहे. फोटोवाल्यानेच सांगितलं होतं, "दादा, तेवढा हात मागे घ्या, फोटो छान येईल."

चौथीला कला सरांनी उपक्रम दिला होता : घरातल्या एका माणसाचा हात. पसरट डब्यात ओल्या मातीचा जाड थर भरायचा, त्यात हात दाबायचा आणि तो ठसा शाळेत आणायचा. सर त्यात प्लास्टर ओतणार. सुकल्यावर माती काढली की पांढऱ्या फरशीवर हात उठून दिसायचा. बहुतेकांनी आईचा हात आणला. मुंगीला (तिचं खरं नाव फक्त हजेरीपटात होतं) बाबांचाच हवा होता, आणि तोही उजवा.

"डावा घे," तो म्हणाला.

"डावा काय, सगळ्यांचाच असतो."

"उजवाही असतो. माझा सोडून."

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "द्या की हो. हात मागतेय पोरगी, कापून नाही मागत."

त्यावर तिघं हसले आणि एकदमच थांबले.

सोळा दिवस तो नाही म्हणत राहिला. सतराव्या दिवशी कामावरून आला, हात धुतले, शर्टाची बाही वर केली आणि डब्यासमोर बसला. मुंगीने त्याचा पंजा दोन्ही हातांनी मातीत दाबला. तुटक्या बोटांची टोकं नीट उमटावीत म्हणून ती त्यांच्यावर जरा जास्त वेळ दाबून राहिली. त्या टोकांना बाहेरच्या कोणी कधी हात लावला नव्हता.

"एक सांगतो," तो म्हणाला. "आहे तसा ठेवायचा. नीटनेटका करायला जायचं नाही."

"नाही करणार."

"नक्की?"

"नक्की. बघायला याल ना?"

"अर्धी रजा टाकतो."

कला सर कामचुकार नव्हते. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ते हॉलचं दार आतून लावून घेत आणि दीडशे कामांवरून शेवटचा हात फिरवत. चित्रांच्या कडा काळ्या पेनाने पक्क्या करत, वाकडे सूर्य गोल करत, घरांच्या कललेल्या भिंती सरळ करत. पालक खूश होत, मुलं गोंधळत आणि मग त्यांनाही ते आपलंच वाटू लागे. प्लास्टरच्या हातांत दरवर्षी तीन-चार बोटं अर्धवट राहत, कारण खाचेत हवा अडकली की प्लास्टर खाली उतरत नाही. सरांना त्याची सवय होती. मुंगीची फरशी हातात घेताच चूक त्यांच्या लक्षात आली. त्यांनी स्वतःची करंगळी आणि शेजारचं बोट मातीत दाबलं, प्लास्टर भरलं, सुकल्यावर ते तुकडे फरशीवर चिकटवले आणि कडा घासून घेतल्या. तासाभराचं काम. सांधा दिसत नव्हता. बोटं जरा गुबगुबीत आली होती, एवढंच.

शनिवारी साडेनऊला सर दाराशी फीत बांधत होते.

"सर, ती बोटं काढा ना."

"कुठली?"

"बाबांच्या हाताची. दोन जास्त आहेत."

"अगं, तुझी अर्धी राहिली होती, ती मी पुरी केली. थँक्यू म्हणायचं सोडून..." सरांचं लक्ष फितीच्या गाठीकडे होतं. "इथे बोट धर. घट्ट."

तिने बोट धरलं. "सर, पण बाबांना नाहीतच ती."

"सगळ्यांना असतात. चल पळ, रांगेत उभी राहा. पाहुणे आलेत."

मुंगी रांगेत गेली नाही. बाबा दहाला येणार होता. तिने सरांच्या टेबलावरची लोखंडी पट्टी घेतली आणि करंगळीखाली सरकवली. करंगळी एका झटक्यात निघाली. शेजारचं बोट निघेना. सरांचं काम पक्कं असे. तिने फरशी टेबलाच्या कडेला पोटाशी धरली आणि पट्टी दोन्ही हातांनी रेटली. बोट सुटलं. त्याबरोबर मनगटापासून अंगठ्यापर्यंत चीर गेली, फरशी तिच्या हातातून निसटली आणि जमिनीवर पडून तिचे तीन तुकडे झाले. तिने काढलेली दोन बोटं मात्र शेजारी शाबूत पडली होती.

तेवढ्यात दार उघडलं. मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन आत येत होत्या. "इथली प्रत्येक रेघ मुलांची आहे," त्या सांगत होत्या. "मोठ्यांनी हात लावायचा नाही, हा आमच्या शाळेचा नियम."

मागे सर आणि त्यांच्यामागे पालक होते. सगळ्यांत पुढे मुंगीचा बाप, इस्त्रीच्या शर्टात. त्याचा उजवा हात खिशाबाहेर होता.

टेबलावर चिठ्ठी होती : ‘बाबांचा हात, इयत्ता चौथी’. त्याने ती वाचली. मग खाली वाकून ती दोन बोटं उचलली आणि उजव्या तळहातावर घेऊन बघत राहिला.

"काय आहे हे?" मोठ्या बाईंनी विचारलं. "ही बोटं वेगळी कशी?"

सरांनी बोटांकडे पाहिलं आणि ती ज्या हातावर होती त्या हाताकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. शेजारी पाहुणे उभे होते.

"मुलांना वाटतं हो," सर म्हणाले, "आपलं काम छान दिसावं."

"मी नाही लावली!" मुंगी ओरडली. "सरांनी लावली!"

"आपणच मोडायचं आणि सरांचं नाव घ्यायचं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "सर, तुम्ही लावलीत?"

सर हसले. मुलांच्या बोलण्यावर मोठी माणसं हसतात तसे. पाहुणेही हसले.

"माफी माग," बाप म्हणाला.

"बाबा, आईशप्पथ, मी..."

"माग म्हटलं ना."

तिने मागितली. त्याने दोन्ही बोटं टेबलावर नीट शेजारी शेजारी ठेवली आणि हात खिशात घातला.

घरी जाताना तिने त्याला सगळं तीनदा सांगितलं. फीत, पट्टी, अर्धी राहिलेली बोटं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बरं बाई, सरांनी लावली. सरांना काय पडलंय माझ्या बोटांचं?" रस्ता ओलांडताना ती नेहमी त्याची उजवी तीन बोटं मुठीत धरायची. त्याने दप्तर त्या हातात घेतलं.

"लाज वाटत होती तर सांगायचं," तो पलीकडे पोचल्यावर म्हणाला. "मी डावा दिला असता."

सोमवारी शाळेचा शिपाई घरी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फरशी आणि उत्तेजनार्थ प्रमाणपत्र. सरांनी रविवारची सुट्टी खर्ची घातली होती. चीर बोट फिरवूनही कळत नव्हती. पाचही बोटं जागेवर होती आणि मागे टांगायला तारेची कडी बसवली होती.

"कपाटात टाकू का?" आईने हळूच विचारलं.

"कपाटात कशाला? पोरीने एवढ्या हौसेने केलंय." त्याने हातोडी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताच्या तीन बोटांत खिळा धरला आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर, येणाऱ्याला आधी दिसेल अशा जागी ठोकला. फरशी अडकवून तो दोन पावलं मागे आला.

"तिरपा आहे का गं?"

मुंगीने पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.