लांब बेल

हरेशच्या वर्कशॉपात बेल बसली तेव्हा सगळ्यात जास्त खूश कोण झालं असेल, तर ती रंभा. आणि त्याला कारणही तसंच होतं. वर्कशॉप मुरबाड-शहापूर रस्त्याच्या कडेला, घर मागं टेकाडाला लागून, आणि मध्ये भाताची खाचरं नि एक ओहोळ. नवऱ्याला जेवायला बोलवायचं म्हटलं तरी बांधावर येऊन घसा फोडायचा. बरं, काय म्हणून फोडायचा? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही! "अहो, ऐकलं काऽ" अशी हाळी दिली की रस्त्यावरचा जीपवाला मान बाहेर काढून "बोला!" म्हणायचा, नि चहाच्या टपरीवरचं टोळकं खिदळायचं. रंभा लाजेने अर्धी व्हायची. मग तिने ताटावर पळी बडवून पाहिली. पण आत ग्राइंडर किंचाळत असताना पळीला कोण विचारतो!

सासूचं तसं नव्हतं. बाईजा बांधावर यायची, कमरेवर हात ठेवायची नि एकच आरोळी ठोकायची, "हऱ्याऽऽ!" ग्राइंडर असो की आणखी काही असो, हरेश मान वर करायचा. पोटच्या पोराचं नाव घ्यायला आईला कुणाची बंदी? आणि हाक मारून परत येताना ती सुनेकडे असं काही बघायची, की रंभाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून बेल. शाळेत असते तसली दणदणीत बेल हरेशने कल्याणहून आणली, बांबूच्या काठ्यांवरून वायर खेचली आणि बटण स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं.

"एकदा दाबलास तर चहा," त्याने बायकोला समजावलं. "दोनदा दाबलास तर जेवण. नि लांब दाबलास, बोट काढलासच नाय, तर मी समजेन घरात कायतरी वाईट झालाय. मग हातात काय पण असू दे, टाकून धावत येईन."

बाईजाला अधूनमधून चक्कर यायची, त्यासाठी ही लांब बेल. रंभाने मान डोलावली. नवी नवलाई होती तोवर चहाला आधण यायच्या आत तिचं बोट बटणावर जायचं. आणि तो यायचा! नाव नाही, हाळी नाही, नुसतं बोट टेकवलं की नवरा बांधावरून येताना दिसायचा. तिला वाटायचं, आता बोला सासूबाई.

पण कामं वाढली. मुंबईवाल्यांचे बंगले उठायला लागले तसे गेट, ग्रिल, खिडक्या यांचा नुसता धडाका लागला. हरेशने मंगळूला मदतीला घेतलं. मंगळू गावातलाच, बायको-मुलं असलेला माणूस, हाडाने दणकट पण कामाला अगदी थंड. लोक त्याला 'बरफ' म्हणायचे, तोसुद्धा हसायचा. आणि कामं वाढली तशी दोन बेलांना हरेश तास-तास उशिराने यायला लागला. कधी यायचाच नाही, टपरीवर भजी-पाव खाऊन मोकळा.

चैत्रातली ती दुपार. रंभाने सुक्या बोंबलांचं कालवण केलं होतं, वाटण लावून, हौसेने. तव्यावरून भाकरी उतरताना दोनदा बेल दिली. कुणी नाही. पुन्हा दिली. कालवणावर साय धरायला लागली, भाकऱ्या वातड झाल्या. ओटीवर बाईजा चिंचा फोडत बसली होती. ती काही बोलत नव्हती, आणि ते न बोलणंच रंभाला टोचत होतं.

"राहू दे गो," शेवटी बाईजा बोललीच. "त्या तुझ्या टिंगटिंगीला कोण इचारतो? थांब, मी हाक मारते. मी हाक मारली का येतो तो." आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठायला लागली.

झालं! रंभाने बटणावर बोट ठेवलं ते काढलंच नाही. सासूच्या डोळ्यांत डोळे घालून तिने बटण दाबून धरलं. लांब खाचरांपलीकडे बेल कोकलत राहिली.

"आता बघा कसा येतात ते," ती म्हणाली.

आणि तो आला हो! बांधावरून उड्या मारत आला, एका पायात चप्पल, गळ्यात वेल्डिंगची काळी काच लोंबकळतेय, तोंडाला कोरड. दारातच ओरडला, "काय झाला? आयला काय झाला?"

आय तर समोर उभी होती, लुगड्याला चिंचेची टरफलं चिकटलेली. रंभाने तोंड उघडलं. सांगणार काय? भाकरी वातड झाली? तिचा राग जागच्या जागी विरघळला आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. तरी ती खरं बोललीही असती. चार शिव्या खाल्ल्या असत्या नि विषय मिटला असता. पण तेवढ्यात वर्कशॉपातून एक किंकाळी आली. माणसाची. पाठोपाठ टपरीवरच्या लोकांचा आरडाओरडा.

हरेश पांढराफटक पडला. "गेट! आमी दोघांनी गेट उभा धरला होता. मंगळू बोलला, तू पळ, मी धरतो. एकट्याला नाय झेपला त्याला... बोल ना गो, काय झाला घरात?"

"जनावर," रंभाच्या तोंडून निघालं. "चुलीमागं... जनावर."

साप हा शब्द आपल्याकडे घरात काढत नाहीत, जनावरच म्हणतात. आणि त्या चुलीमागं जनावर सोडा, साधी पालसुद्धा नव्हती. हे त्या घरात दोघींना ठाऊक होतं. रंभाने सासूकडे पाहिलं. आता ही बोलणार, सगळं संपलं.

"ह्येवढा होता," बाईजाने हात पसरून दाखवले. "मागल्या दाराने गेला. तू जा, मंगळूला बघ आधी."

हरेश आला तसा परत पळाला.

मंगळूला जीपमध्ये घालून कल्याणला नेलं. लोखंडी गेट पायावर पडलं होतं, पंजाचा चेंदा झाला होता. डॉक्टरांनी दोन बोटं काढली.

इकडे गावातल्या बाप्यांना काम मिळालं. काठ्या, कोयते, पहारी घेऊन सगळे हरेशच्या घरी हजर! लाकडांचा ढीग उपसला. तांदळाची कणगी हलवली, ती फुटली. छपरावर चढून कुणी कौलं फोडली. रंभा कोपऱ्यात उभी राहून बघत होती. "नका हो, गेला तो," असं दोनदा म्हणाली, तर लोकांनीच तिला धीर दिला, घाबरू नका म्हणाले. आणि म्हातारा बुधू, त्याचं तर काय सांगावं! त्याने शपथेवर सांगितलं की आपण शेपटी पाहिली, घोणसच होती, मनगटाएवढी जाड. दिवस मावळेपर्यंत ती घोणस मांडीएवढी झाली आणि तिने रंभावर दोनदा फणासुद्धा काढला. आता घोणशीला कुठला आला फणा? पण विचारणार कोण? रंभा विचारणार?

लोक गेल्यावर दोघी सांडलेले तांदूळ भरायला बसल्या.

"तुमी का खोटा बोललात, आत्या?" रंभाने खाली मान घालून विचारलं.

"तुझ्यासाठी नाय गो बोलले," बाईजा सुपातले खडे काढत म्हणाली. "उद्या मी खरीच पडले नि तू बटण दाबलास, तर तो आला पाहिजे. आज त्याला कळला असता तर तो परत कधी धावला असता?" मग जरा थांबून म्हणाली, "नि मी पण तुला डिवचायला नको होता. आता तोंड शिवून ठेव. हे आपल्या दोघींतच राहू दे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रंभाने सुपाआड तोंड लपवलं आणि ती रडली.

हरेशने मंगळूच्या दवापाण्याचं सगळं केलं, त्याच्या घरी भात पोचवला. त्याच्या मनात बायकोबद्दल संशयाचा कणही नव्हता. उलट चुलीमागची भिंत त्याने सिमेंटने लिंपली, मागच्या दाराला जाळी मारली, आणि घराबाहेर पडताना रोज विचारायचा, "घाबरणार नाय ना?" प्रत्येक वेळी रंभाला वाटायचं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. ती मंगळूच्या घरी रोज डबा न्यायची. मंगळूची बायको पारू भोळी, वाटेत भेटेल त्याला सांगायची, "रंभाताईसारखी बाय मिळायची नाय." बायका कौतुक करायच्या. रंभा मान वर न करता चालायला लागली.

आणि मंगळू? मंगळूचं गावात वजन वाढलं! कालपर्यंत ज्याला बरफ म्हणत, त्याला टपरीवर बाकड्यावर सरकून जागा मिळायला लागली. "मी हरेशला बोललो, तू पळ, मी धरतो," हे तो कुणी विचारलं की सांगायचा, न विचारलं तरी सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे. पाय गेला, पण बाईचा जीव वाचला, असं म्हणायचे. मंगळू कुबडी टेकून ताठ बसायचा.

नागपंचमीला पारू दारात उभी राहिली. हातात दुधाचा गडवा, लाह्या, हळदकुंकू, नारळ. मागं काठी टेकत मंगळू. हरेश सळ्यांच्या कामाला शहापूरला गेला होता.

"मी बोलले होते नागोबाला," पारू म्हणाली. "ताईंना चावलास नाय, तसाच आमच्या ह्यांना पण चालता कर, म्हणजे जिथं दिसलास तिथं येऊन दूध ठेवीन. कुठं दिसला होता, आत्या?"

बाईजाने सुनेकडे पाहिलं. मग पुढे झाली आणि पारूला चुलीमागची लिंपलेली भिंत दाखवायला आत घेऊन गेली. पारू तिथं गंधाने नाग काढायला बसली.

ओटीवर मंगळू आणि रंभा राहिले. रंभाने तांब्याभर पाणी दिलं. तो प्यायला, पाय पुढे पसरून म्हणाला, "वयनी, खरा सांगू? रात्री ठणका लागतो ना, तेव्हा तुमाला आठवतो. बोलतो, वयनी जित्या हायेत. मग बरा वाटतो."

आता मात्र रंभाच्याने राहवेना. आतून पारूचा आवाज येत होता, नागोबाला लेकरांची नावं सांगत होती. रंभा खाली त्याच्या पायाशी बसली.

"भावजी, जनावर नव्हता," ती म्हणाली. "कधीच नव्हता. भाकरी थंड होत होती. आत्यांवर राग आला, म्हणून मी लांब बेल दिली. बोटं माझ्यामुळे गेली तुमची. मला मारा, पण आता मला हा सोसत नाय."

मंगळू पंजाकडे बघत राहिला, जिथं बोटं नव्हती तिथं. मग त्याने दाराकडे एक नजर टाकली.

"पारूला बोललात?"

"नाय."

"हरेशला?"

"कुणालाच नाय. आज येतील तेव्हा त्यांच्या पाया पडते. टपरीवर येऊन सगळ्यांसमोर सांगते."

"नको!" तो इतक्या जोरात म्हणाला की रंभा दचकली. मग आवाज उतरवून, दात आवळून बोलायला लागला. "तुमी सांगून मोकळ्या व्हाल. मी काय करू? लोक बोलतात मंगळूनं बाईचा जीव वाचवला. माझा पोरगा शाळेत सांगतो. उद्या काय सांगू त्याला? तुझ्या बापाचा पाय भाकरी थंड झाली म्हणून गेला?"

रंभाने रिकामा तांब्या जवळ ओढला.

"बोटं गेली ती गेली," मंगळू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तो पुसत नव्हता. "एवढा एक राहिलाय माझ्याकडे. तो तरी नका नेऊ."

"चला ओ, नारळ फोडा!" आतून पारूने हाक दिली.

मंगळू उठला. रंभाने आधाराला हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. काठी टेकत मागच्या दारी गेला, पायरीच्या दगडावर त्याने नारळ फोडला. पारूने पाणी भिंतीशी शिंपडलं, खोबऱ्याचा पहिला तुकडा काढला आणि रंभाच्या हातावर ठेवला.

"आधी तुमी खा, ताई. तुमचा जीव वाचला त्याचा परसाद."

मंगळू बघत होता. बाईजा भिंतीकडे तोंड करून उभी होती. रंभाने तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला.

"गोड हाय ना?" पारूने विचारलं.

"गोड हाय," रंभा म्हणाली.