दादांचा दगड

“तेल घालू नकोस!” धारवाल्याने माझा हात धरला. “पाण्यावर धार लावायचा दगड निघाला आणि तेल आत मुरलं, तर कायमचा वाया गेला म्हणून समज.”

त्याने दगडावर खिळ्याने ओरखडा काढून पाहिला, थुंकी लावून अंगठा फिरवला, कानाशी धरून टिचकी मारली. अर्ध्या विटेएवढा हिरवट काळा तुकडा. ना छाप, ना नाव. “खाणीतला आहे, कारखान्यातला नाही,” म्हणाला. तेवढं मलाही दिसत होतं.

दादांनी आणि मी एकाच दुकानात एकतीस वर्षं दाढ्या केल्या. बडबड माझी, धार त्यांची. सकाळी मी पोचेपर्यंत चारही वस्तरे तयार असायचे. दगडाला त्यांनी कधी हात लावू दिला नाही, आणि आयतं मिळतंय म्हणून मीही कधी विचारलं नाही. आता त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती, दाढी महिन्याभराची झाली होती. ब्लेडचं रेझर दिसलं की ते मान फिरवायचे. त्यांना वस्तराच हवा होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे लखलखीत करणारा माणूस असा झालेला मला बघवत नव्हता.

पाण्यावर धार लावून मी आधी माझीच दाढी केली. केस कापले गेले नाहीत, उपटले गेले. शेवटी दगड घेऊन दादांच्या घरी गेलो.

“दादा, तेल लावायचं?”

त्यांनी मानेने नाही म्हटलं.

“पाणी?”

पुन्हा नाही.

“मग काय, कोरडाच घासू?”

दादा संतापले. डाव्या हाताची बोटं गालावर गोल गोल फिरवायला लागले. दाढी खाजत असेल म्हणून मी खाजवायला गेलो, तर माझा हात झटकून टाकला.

वहिनी पलंगाशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “खाज नाही हो भावजी. दगडाचं फडकं इतकी वर्षं मीच धुतेय. कधी तेलकट नव्हतं. पाण्यात टाकलं की आपोआप फेस यायचा.”

फेस! दादा गालावर ब्रश फिरवून दाखवत होते आणि एकतीस वर्षं ब्रश फिरवलेल्या मला ते कळू नये! मी कपाळावर हात मारून घेतला. वहिनी हसल्या, दादांचे डोळे भरून आले.

दाढीचा साबण दगडावर फेसाळला. वस्तरा घासू लागलो. दादा डोळे मिटून ऐकत होते; करकर झाली की बोट वर करायचे, मी दाब कमी करायचो. तासाभराने त्यांनी मान डोलावली.

मग त्यांची दाढी केली. दादांनी डावा पंजा गालावरून उलटा फिरवत नेला. जबड्याखाली तो थांबला. तिथे चार केस राहिले होते. मी ओशाळलो. दादांनी वस्तऱ्यासकट माझं मनगट धरलं, तिथवर नेलं, आणि ते चार केस स्वतःच काढले.