कंसातलं

"हे माझंच कार्ड आहे ना, भाऊ?" शिवणकाम करणाऱ्या बाईंनी खिडकीतून विचारलं. आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे मामांनी मान वर न करताच हो म्हटलं. मग बाईंनी कार्ड फिरवून त्यांच्यापुढे ठेवलं आणि नावापुढच्या कंसावर बोट टेकवलं. कंसात छापलं होतं: टाकलेली.

मामा दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसत. भाची त्यांना मामा म्हणे, ती हाक आता सगळ्या दवाखान्याने उचलली होती. एकेका नावाची ढीगभर माणसं येत, एक नाव पुकारलं की तिघं उठत. म्हणून मामा कॉम्प्युटरवर नावापुढे कंसात खूण लिहीत. तिरळा. सुनेशी भांडते. चिकट म्हातारा. ते मनाने वाईट नव्हते, पण खुणा शोधताना त्यांना मजा यायची, हे खरं. खिडकीबाहेर त्या कुणी पाहणारच नव्हतं.

यंदा सगळ्यांना छापील कार्डं द्यायची ठरली आणि मामांनी शिंगं मोडून वासरांत शिरायचं ठरवलं. भाचीकडून ते प्रोग्रामिंग शिकत होते. नावामागची मोकळी जागा कशी छाटायची, शब्द कसा बदलायचा, नाव-वय-पत्ता जोडून एक नेटकी ओळ कशी करायची, एवढं त्यांना आलं होतं. कंसासकट आतला शब्द काढून टाकणारी प्रोग्रामची ओळ त्यांनी स्वतः लिहिली. पडद्यावर सगळी नावं न्हाऊमाखू घातल्यासारखी स्वच्छ दिसली. मामांनी कुणाला न विचारता कार्डं छापली आणि सकाळपासून ऐटीत वाटली.

आता त्यांना भाचीचं बोलणं आठवलं. ती म्हणाली होती की मजकूर बदलला तरी जुना जागच्या जागी राहतो. बदललेला वेगळा मिळतो, तो नाव देऊन ठेवून घ्यायचा असतो. मामांनी तो नुसता पाहिला होता. चहा गाळला, पण खाली कप ठेवला नव्हता. कार्डावर जुनंच छापलं गेलं.

"मशीनची चूक आहे, ताई," ते म्हणाले, आणि म्हणताक्षणी स्वतःचीच लाज वाटली.

"शब्द मशीनने लिहिला?"

बाईंचा नवरा दुसरं घर करून राहतो, हे मामांना बाईंच्या शेजारणीकडून केव्हाच कळलं होतं. बाई मात्र दर खेपेला सांगत की ते कामासाठी परगावी असतात. मामाही आवर्जून त्यांची खुशाली विचारत.

"तुम्ही दर वेळी विचारायचात, ते कसे आहेत म्हणून," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटायचं, एका माणसाला तरी माझं खरं वाटतंय. घरून निघताना मी ठरवून यायचे, आज काय सांगायचं ते."

कार्ड उचलून त्या डॉक्टरांच्या रांगेत जाऊन बसल्या. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ओळ दुरुस्त केली, बाईंचं नवं कार्ड छापलं आणि खिडकी सोडून स्वतः बाहेर गेले. कार्ड पुढे केलं.

"राहू द्या तुमच्याकडेच," बाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

परतताना मामांनी पाहिलं. दोन्ही बाकांवरची माणसं नवी कार्डं न्याहाळत होती. एक जण डोळ्यांपाशी नेऊन कंसातला शब्द मोठ्याने वाचत होता. एका बाईने आपलं कार्ड पदराखाली घेतलं. शेवटच्या म्हाताऱ्याने मामांची बाही धरली. चष्मा घरी राहिलाय, जरा वाचून दाखवा, म्हणाला.

मामांनी कार्ड हातात घेतलं. नाव वाचलं, वय वाचलं, पत्ता वाचला आणि ते थांबले. म्हातारा कान पुढे करून ऐकत होता.

"आणि ते कंसातलं?" त्याने विचारलं.