बहिणीच्या नावावर

गाडी शिकवणाऱ्या त्या माणसाला सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकणारा कोणीही असो, शेजारी बसलेल्या मास्तरांचा पाय कायम आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर असे.

वडील गेल्यावर शेताचे दोन हिस्से झाले, एक मास्तरांचा आणि एक ताईचा. कसायची मात्र दोन्ही ताईच. मास्तरांनी कित्येक वर्षांत खुरप्याला हात लावला नव्हता. तरी सरकारी अनुदान जमा झालं की त्यांच्या फोनवर संदेश येई, 'प्रिय शेतकरी बंधू'. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पैसे ते इमानेइतबारे ताईला नेऊन देत.

"अरे, येतायत ना? मग येऊ देत," ताई म्हणे.

पण गप्प बसतील तर ते मास्तर कसले. शेतकी कार्यालयातल्या एक बाई त्यांच्याकडे गाडी शिकायला आल्या, तेव्हा मास्तरांनी विषय काढलाच.

"जो कसतो त्यालाच अनुदान मिळावं, यासाठी काय करायचं असतं हो?"

"ज्याचं नाव त्याला अनुदान." बाईंनी दुसऱ्याऐवजी चौथा गिअर टाकला. गाडी आचके देऊन बंद पडली. "हिस्सा बहिणीच्या नावावर करून टाका. सोपं आहे."

त्या सोप्या कामात अख्खा हिवाळा गेला. खेटे घालून मास्तरांच्या चपला झिजल्या, पण नाव चढलं. पुढचा हप्ता निघाला तेव्हा त्यांचा फोन वाजला नाही. मास्तर सुखाने जेवले. हात धुतात न धुतात तोच ताईचा फोन आला.

"तुझे बंद झाले ते ठीक. माझे का नाही आले?"

मास्तर तडक कार्यालयात गेले. बाईंनी पडद्यावर पाहिलं.

"दोन्ही हिस्से एक झाले ना. आता त्या मोठ्या शेतकरी. मर्यादेच्या बाहेर गेल्या."

"मोठी कुठून झाली? जमीन तीच, राबणारी तीच. एक वाफा वाढला नाही."

"कागदावर वाढली."

"अहो, तुम्हीच तर सांगितलंत."

"तुम्ही नावाचं विचारलंत. मर्यादेचं कुठे विचारलंत?"

"बरं, मग परत माझ्या नावावर करतो."

"करा की. पण नवी नोंदणी बंद आहे. जुन्यांचीच चालू आहे."

"मी जुनाच आहे."

"होतात. तुम्हीच बंद केलीत ना."

मास्तरांचा पाय टेबलाखाली कचकन दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.

तेवढ्यात बाजारातला गोदामवाला आत आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली. नजर पोहोचेल तिथवर त्याची जमीन, पण बायको, मुलं, सुना अशा एकेकाच्या नावावर तुकड्या-तुकड्याने. घरात सगळेच लहान शेतकरी आणि सगळ्यांना अनुदान.

मास्तर निघाले तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "लोक इथे जमीन वेगळी करायला येतात, मास्तर. जोडून घेणारे तुम्ही पहिलेच."

ताई शेडमध्ये कांदे निवडत बसली होती. मास्तरांनी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तुला हा शहाणपणा कोणी सांगितला होता?"

"मला लाज वाटत होती गं."

"लाज तुझी आणि भुर्दंड माझा. छान." एक सडका कांदा तिने बाजूला भिरकावला. "त्या पैशांतून मी काढणीला माणसं लावायचे. आता रविवारी तू ये."

मास्तर गेले. सकाळभर ताईचं चालूच होतं, "मुळाशी धर, पात तुटतेय," "ओळ सोडून कुठे चाललास?" शिकवणाऱ्या माणसाला शिकताना किती ऐकून घ्यावं लागतं, ते त्यांना तेव्हा कळलं. दुपारी ते बांधावर टेकले ते उठेचनात. कंबर जागची हलेना.

ताईने पाण्याची बाटली पुढे केली. रागाने असेल, पण पाणी गार होतं.

"पुढच्या रविवारी बायकोलाही घेऊन ये," ती म्हणाली. "आणि घरी गेल्यावर कृपा कर. तिच्या नावावर काही करू नकोस."